तरुण संघातले पुढारी: जून ते मे, एका वर्षाचा आराखडा

बहुतेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) तरुण संघाची कार्यकारिणी उपासनेनंतरच्या अर्ध्या तासात ठरते. कुणी नाव सुचवतं, कुणी अनुमोदन देतं, अध्यक्ष-सचिव-खजिनदार निवडले जातात, आणि डिसेंबरातला कॅरल राउंड (नाताळची गाणी म्हणत घरोघर जाणं) सोडला तर वर्षभर फारसं काही घडत नाही. दोष त्या मुलांचा नसतो. त्यांना पद मिळालेलं असतं, काम कुणी शिकवलेलं नसतं. इथे दिलेला आराखडा उलट्या बाजूने चालतो. आधी एक लहान पण अख्खं काम, मग त्या कामाचा हिशेब, मग त्याहून मोठं काम. पद सगळ्यात शेवटी, आणि नाही दिलं तरी चालतं.

हिशेब 16 ते 25 वयाचे 20 ते 30 तरुण असलेल्या मंडळीचा धरला आहे. खेड्यातल्या मंडळीत आठच तरुण असतील तर पुढारी म्हणून घडवायला सहाऐवजी दोघांनाच घ्या. बाकी पायऱ्या त्याच. वर्ष जूनपासून मोजायचं, कारण आपल्याकडे मुलांचं वर्ष शाळा-कॉलेज ठरवतं. दहावी-बारावीच्या परीक्षा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. जानेवारीत नवं काम सुरू केलं की आई-वडील मुलाला घरीच ठेवून घेतात, आणि त्यांचं चुकत नाही.

निवड: आधी सहा आठवडे नुसतं बघा

जून आणि अर्धा जुलै काहीही जाहीर करू नका. दोन मोठी माणसं (शक्यतो एक पुरुष, एक स्त्री, मंडळीच्या पाळकांच्या संमतीने; पुढे यांनाच दादा आणि ताई म्हटलं आहे) फक्त निरीक्षण करतील. काय बघायचं? सभेला न सांगता दहा मिनिटं आधी कोण येतं. नवीन मुलगा मागच्या बाकावर एकटा बसला तर त्याच्या शेजारी कोण जातं. यायला जमणार नसेल तर आधी कोण कळवतं. चूक दाखवली की कोण ऐकून घेतं आणि कोण दोन रविवार तोंड दाखवत नाही.

मंचावरची चमक या यादीत मुद्दाम नाही. चांगला गाणारा किंवा कीबोर्ड वाजवणारा मुलगा आपोआप पुढारी समजला जातो, आणि पुढे बरेचसे घोटाळे इथूनच सुरू होतात. बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये सात जण निवडले गेले ते जेवणाच्या वाटपासाठी, पण निकष होते लौकिक, आत्मा आणि ज्ञान. दुसरीकडे 1 तीमथ्य 3:6 नवशिक्याला अध्यक्षपदी बसवू नका म्हणतं. ज्याने तीन महिन्यांपूर्वी शिबिरात रडून आपल्या विश्वासाची साक्ष दिली, त्याला लगेच पुढे करू नका. त्याला मुळं धरायला वेळ द्या.

चार ते सहा जण घ्या. निम्म्या मुली हव्यात. एका घरातून एकच, आणि पाळकांची किंवा पंच कमिटीच्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) सभासदांची मुलं असतील तर त्यांनाही हेच निकष. हे पाळलं नाही तर उरलेल्या मुलांना निकाल आधीच ठरलेला दिसतो.

प्रत्येकाला वेगवेगळं, समोरासमोर विचारा. मुदत स्पष्ट सांगा: मे अखेरपर्यंत, आठवड्याला साधारण तीन तास. तिथल्या तिथे ‘हो’ घेऊ नका. आठ दिवस प्रार्थना करून उत्तर द्यायला सांगा. जो लगेच हो म्हणतो तो बऱ्याचदा तुम्हाला नाही म्हणायला लाजत असतो. मग घरी जाऊन आई-वडिलांना भेटा. ही भेट टाळली तर ऑक्टोबरात ‘अभ्यास सोडून हे काय चाललंय’ हा प्रश्न येणारच.

आणि ‘अजून लहान आहेत’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी: 1844 मध्ये लंडनमध्ये वायएमसीए या तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेची स्थापना झाली तेव्हा तिचे संस्थापक जॉर्ज विल्यम्स 22 वर्षांचे होते.

सुरुवातीआधी लिहून ठेवायचे नियम

18 वर्षांखालचा प्रत्येक जण कायद्याने बालक आहे. 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणारा कायदा) बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाही गुन्हा आहे. ‘मंडळीची बदनामी नको, आपापसात मिटवू’ हा मार्ग तिथे उपलब्धच नाही. मुलाचं नाव मात्र कुठेही फुटता कामा नये, प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा. चाइल्डलाइनचा 1098 हा क्रमांक सभागृहात लावून ठेवा.

बाकीचे नियम एका पानावर मावतात. मोठ्या माणसाने अल्पवयीन मुलाशी किंवा मुलीशी बंद खोलीत एकट्याने बोलायचं नाही. व्हरांडा, अंगण, उघडं दार चालेल. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये किमान दोन मोठी माणसं असतील, आणि रात्री नऊनंतर वैयक्तिक मेसेज नाहीत. मुलींशी नियमित बोलणं ताईंनीच करायचं. इतर धर्मांच्या घरांतले मित्र सभेला येत असतील आणि ते अल्पवयीन असतील, तर पालकांना माहीत असल्याशिवाय नाही, आणि शिबिराला लेखी परवानगीशिवाय नाही. हे पान पुढारी होऊ घातलेल्या मुलांकडूनच मोठ्याने वाचून घ्या. पुढच्या वर्षी ते पाळून घेणारे तेच असणार आहेत.

ऑगस्ट: पहिलं काम, लहान पण अख्खं

‘रविवारी खुर्च्या लाव’ हा हुकूम झाला. ‘नवीन येणाऱ्या तरुणांचं काम तुझं’ ही जबाबदारी. दुसऱ्यात सगळं येतं: नाव-नंबर लिहून घेणं, बुधवारी फोन करणं, पुढच्या रविवारी शेजारी बसणं, तीन आठवडे न आल्यास घरी जाणं. काम इतकं लहान असावं की एक माणूस पेलेल, आणि इतकं पूर्ण असावं की बिघडलं तर कुणामुळे ते कळेल. अमेरिकेत 1881 मध्ये फ्रान्सिस क्लार्क यांनी ख्रिश्चन एन्डेव्हर या तरुणांच्या संघटनेची सुरुवात केली तेव्हा त्यातलं खरं बळ हेच होतं की सभा तरुणच चालवत आणि तरुणांच्या समित्यांकडे ठरलेली कामं असत.

सुरुवातीला देता येतील अशी सहा कामं: नव्यांचं स्वागत, शास्त्रवाचनाची तयारी, गाण्यांची निवड आणि सराव, आजारी व वृद्धांच्या भेटी, शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या बायबल शाळेत) एका वर्गाला मदत, हिशेबाची वही.

शिकवायचा क्रम चार पावलांचा. पहिल्या आठवड्यात दादा किंवा ताई काम करतील, शिकणारा मुलगा बघेल. दुसऱ्या आठवड्यात दोघं मिळून. तिसऱ्यात तो करेल, तुम्ही बघाल. चौथ्यात तो करेल आणि तुम्ही तिथे नसाल. मोडतं ते तिसऱ्या पावलावर. मुलगा अडखळतो, सभेत दोन मिनिटं शांतता पसरते, आणि मोठ्या माणसाला राहवत नाही. तो उठून काम हातात घेतो. त्या एका क्षणात मुलगा शिकतो की अडलं तर कुणीतरी येतंच. कुणाला इजा होत नसेल, खोटी शिकवण दिली जात नसेल, कुणाचा अपमान होत नसेल, तर बसून राहा.

दर पंधरवड्याची बैठक

सगळा आराखडा ज्यावर उभा आहे ती गोष्ट म्हणजे दर दोन आठवड्यांनी 40 मिनिटांची भेट. एका मोठ्या माणसाकडे तीनपेक्षा जास्त मुलं नकोत. 10 मिनिटं घर-अभ्यास-नोकरी, 15 मिनिटं कामाचा आढावा, 10 मिनिटं त्याचं स्वतःचं वचन-वाचन आणि प्रार्थना, 5 मिनिटं पुढचं काम ठरवून लिहून घेणं.

आढाव्यात तीनच प्रश्न विचारा. काय नीट झालं? काय बिघडलं आणि का? पुढच्या वेळी काय वेगळं करशील? उत्तरं आधी त्याची, मग तुमची. चूक सांगताना नेमकी सांगा: ‘तू नीट बोलला नाहीस’ याचा काही उपयोग नाही. ‘उतारा वाचताना तू खाली बघत होतास, चौथ्या रांगेपलीकडे ऐकू गेलं नाही’ याचा होतो. स्तुतीही तशीच नेमकी करा. ‘देव तुझा वापर करतोय’ असं भरभरून बोलण्यापेक्षा ‘आजीबाईंना तू स्वतः उतारा शोधून दिलास’ हे मुलाच्या जास्त लक्षात राहतं.

या भेटीत उपदेशाची हौस आवरा. मूल गप्प असेल तर गप्पच असू द्या. निकाल वाईट लागलाय, घरी वडिलांची दारू वाढलीय, असल्या गोष्टी बहुधा शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर येतात. ते गुपित असेल तर पाळा, पण कुणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर पाळता येणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवा.

सप्टेंबर-ऑक्टोबर: शास्त्राभ्यास चालवायला शिकवणं

इथे घाई करू नका. दोन महिने द्या. गट 6 ते 8 जणांचा. 10 च्या वर गेला की चौघं बोलतात आणि बाकीचे मोबाइल बघतात. दोन गट करा.

तासाची वाटणी: 10 मिनिटं गाणं व प्रार्थना, 5 मिनिटं वाचन, 15 मिनिटं ‘काय लिहिलंय’, 15 मिनिटं ‘अर्थ काय’, 10 मिनिटं ‘आपल्यासाठी काय’, 5 मिनिटं प्रार्थना. शिकताना उतारा गोष्टीचा घ्या, पत्रांमधला नको. मार्क 4:35-41, वादळ शांत करण्याचा प्रसंग, सुरुवातीला उत्तम.

‘काय लिहिलंय’ यासाठी: पलीकडे जाऊ या असं कोण म्हणालं? इतर होड्या होत्या का? येशू कुठे होता, कशावर डोकं ठेवून? शिष्यांचे नेमके शब्द कोणते? ‘अर्थ काय’ यासाठी: शिष्यांची तक्रार वादळाबद्दल आहे की येशूच्या झोपेबद्दल? वारा थांबल्यावर ते अधिकच का घाबरले? हा शेवटचा प्रश्न गटाला जागं करतो, कारण बहुतेकांना वाटत असतं की भीती वादळाबरोबर संपली. ‘आपल्यासाठी काय’ यासाठी एकच प्रश्न पुरे: तुला काळजीच नाही का, असं आपण देवाला कधी म्हणतो? बारावीची मुलं गटात असतील तर या प्रश्नाला दहा मिनिटं कमी पडतील.

‘हो’ किंवा ‘नाही’त संपणारा प्रश्न खोडायला लावा. ‘येशूवर विश्वास ठेवायला हवा ना?’ याला सगळे हो म्हणतात आणि गप्प होतात. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजायचं. नवा पुढारी तिसऱ्या सेकंदाला स्वतःच उत्तर देतो, म्हणून ही सवय मुद्दाम लावावी लागते. एकच जण बोलत असेल तर ‘अजून ज्यांनी बोललं नाही त्यांच्यापैकी कुणी?’ एवढं म्हणायचं. उत्तर येत नसेल तर ‘शोधून पुढच्या वेळी सांगतो’, आणि पुढच्या वेळी खरोखर सांगायचं.

आठवड्याची तयारी अशी: सोमवारी उतारा तीन वेळा वाचणं, बुधवारपर्यंत आठ प्रश्न लिहिणं, गुरुवारी दादा-ताईंबरोबर बसून त्यातले तीन काढणं आणि दोन दुरुस्त करणं. तयारी न करणारा मुलगा यूट्यूबवरचं प्रवचन पाठ करून येतो, पहिल्याच ‘का?’ला ते कोसळतं. त्याला रागावू नका. पुढच्या गुरुवारी मोबाइल बाजूला ठेवून, नुसत्या बायबलवर त्याच्याकडून प्रश्न काढून घ्या.

वाचन आणि गाणी

इंग्रजी माध्यमात शिकलेल्या पुष्कळ मुलांना देवनागरी सलग वाचता येत नाही, आणि लाजेपोटी ती पुढेच येत नाहीत. उतारा शुक्रवारी द्या. घरी तीन वेळा मोठ्याने, एकदा रिकाम्या मंदिरात माइकशिवाय, मग रविवारी. संदर्भ दोनदा सांगून, पानं उलटायला थोडं थांबून मग वाचायला सुरुवात करायची. अवघड नावं (नबुखद्नेस्सर वगैरे) आधी तोडून म्हणून घ्यावीत.

गाण्यांत भांडण ठरलेलं: तरुणांना हिंदी-इंग्रजी स्तुतिगीतं हवीत, वडीलधाऱ्यांना उपासना संगीत (मराठी मंडळ्यांचं गीतपुस्तक). तीन गाण्यांपैकी एक तरी उपासना संगीतातलं, असा नियम करून बघा. नारायण वामन टिळकांची भजनं ढोलकी-टाळांवर तरुणांनी म्हटली की मागच्या बाकावरच्या आजीही गातात. दोन्ही बाजूंना बरोबर घेऊन चालायचा सराव मुलांना यातून जितका होतो तितका कुठल्या व्याख्यानातून होत नाही. पट्टी मात्र मंडळीच्या गळ्याला झेपेल अशी धरायला शिकवा. गायक स्वतःच्या सोयीने वर धरतो आणि दुसऱ्या कडव्याला तो एकटाच गात असतो.

डिसेंबर: कॅरल राउंड हीच नियोजनाची परीक्षा

मार्ग, वेळ, गाडी, पैसा, शेजाऱ्यांची सोय, मुलींचं घरी परतणं, सगळं यात येतं. म्हणून हे काम दोघांकडे पूर्ण सोपवा, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कागदावर आराखडा मागा.

गणित करायला लावा. संध्याकाळी 7 ते 10 म्हणजे 180 मिनिटं. एका घरी गाणी आणि प्रार्थना मिळून 8 मिनिटं, चालायला 4. म्हणजे 15 घरं. पण करंज्या, केक आणि चहा येणारच, तेव्हा 12 च धरा. कोणत्या दोन घरी थांबून खायचं ते आधी कळवा, नाहीतर सगळेच आग्रह करतात आणि शेवटच्या घरची माणसं अकरापर्यंत दार उघडं ठेवून बसतात. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकरला नियमाने बंदी आहे. दहाच्या आत संपवा. प्रत्येक मुलीला घरापर्यंत कोण सोडणार, हे नावानिशी लिहिलेलं हवं.

मुलींना काम द्यायचं आणि नाव मुलांचं लावायचं, ही खोड इथे उघडी पडते. बैठका रात्री साडेआठला ठेवल्या की मुली आपोआप गळतात, मग ‘मुली पुढे येत नाहीत’ अशी तक्रार ऐकू येते. बैठक संध्याकाळी सहाला घ्या. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. त्यांचं नाव अभिमानाने घेणाऱ्या मंडळीने बैठकीची वेळ बदलायला का कां-कू करावी, कळत नाही.

देणगीचं पाकीट एकट्याने उघडायचं नाही. दोघांनी तिथल्या तिथे मोजायचं, वहीत घराचं नाव आणि रक्कम, खाली दोन सह्या. खर्चाची प्रत्येक पावती चिकटवायची. पावती नसेल तर व्हाउचर. पुढच्या रविवारी हिशेब फलकावर. पैशाबाबत संशय आला की हिशेब सांभाळणारा मुलगा खरा असूनही मंडळीतून उठतो; वही त्याच्या संरक्षणासाठी आहे हे त्याला असंच सांगा.

जानेवारी ते एप्रिल

दहावी-बारावीच्या मुलांना पूर्ण सुटी द्या. बाकीच्यांना एकच काम: सात मिनिटांचं बोलणं. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार वेगवेगळ्यांनी मांडण्याची प्रथा पुष्कळ मंडळ्यांत आहे. त्यातले दोन तरुणांना मागून घ्या. एक उतारा, एकच मुद्दा, एक उदाहरण. लिहून काढलं तर सात मिनिटांना सुमारे 700 शब्द पुरतात. घड्याळ लावून दोनदा सराव करून घ्या. वीस मिनिटांवर गेलेला तरुण वक्ता पुढच्या वर्षीची संधी सगळ्यांसाठीच घालवतो.

मे: शिबिर त्यांच्या हातात

30 तरुण आणि 5 मोठे, दोन रात्री. सहाही जणांना एकेक विभाग: कार्यक्रम, स्वयंपाक, नोंदणी व पैसे, खेळ, आरोग्य व सुरक्षा, गाणी व प्रार्थना. मोठी माणसं सल्ल्याला आणि रात्रीच्या पहाऱ्याला.

स्वयंपाकाचा अंदाज कागदावर करून घ्या. एका वेळेला माणशी 100 ग्रॅम तांदूळ म्हणजे साडेतीन किलो, 50 ग्रॅम तूरडाळ म्हणजे पावणेदोन किलो. नाश्त्याला माणशी 80 ग्रॅम पोहे म्हणजे पावणेतीन किलोच्या वर थोडे. मेमध्ये पिण्याचं पाणी दिवसाला माणशी 4 लिटर धरा: 140 लिटर, म्हणजे 20 लिटरचे सात जार. पाणी कमी पडण्याचीच चूक सर्वाधिक होते, कारण बजेट करताना कुणी पाणी धरतच नाही.

नोंदणीच्या फॉर्मवर पालकांची सही, दोन फोन नंबर, चालू औषधं, अ‍ॅलर्जी. जवळचं रुग्णालय आधी जाऊन बघितलेलं, एक गाडी कायम तयार. झोपायची सोय वेगळी, मुलींच्या खोलीशेजारी दोन ताई किंवा काकू. धरण, नदी, समुद्र जवळ असेल तर पाण्यात उतरायचं नाही, अगदी पट्टीच्या पोहणाऱ्यानेही. हा नियम निघण्याआधी पालकांसमोर सांगायचा. रात्री साडेदहाला दिवे बंद, आणि पुढाऱ्यांनाही झोप सक्तीची. दुसऱ्या दिवशीची बहुतेक भांडणं अपुऱ्या झोपेची असतात.

जे हमखास बिघडतं

एकच मुलगा सगळं करू लागतो. मंडळीला तो आवडतो, म्हणून नाताळचं नाटक, साउंड, बॅनर, शब्बाथ शाळा सगळं त्याच्याकडे जातं, आणि दोन वर्षांत तो येणंच बंद करतो. निर्गम 18 मधला सासरे इथ्रो यांचा मोशेला सल्ला हाच होता: तू थकशील आणि लोकही थकतील. एका वेळी एका माणसाकडे दोनच कामं, तिसरं आलं की एक सोडायचं.

दोघांमध्ये प्रेम जमतं. त्यावर मंचावरून टोमणे मारू नका. दोघं सज्ञान असतील तर ताई-दादांनी स्वतंत्रपणे बोलावं, पैसे आणि शिबिराची कामं दोघांकडे एकत्र देऊ नयेत, एवढं पुरे.

कुणी पुढारी चुकतो, खोटं बोलतो, दारूच्या पार्टीत दिसतो. आधी खाजगीत विचारा, ऐकीव गोष्टीवर नाही. खरं असेल तर काम काही महिने थांबवा, पंधरवड्याची भेट मात्र चालूच ठेवा. काम काढून घेऊन भेटही बंद केली तर तो मंडळीतून गेलाच समजा. पहिल्या प्रवासात अर्ध्यावरून परतलेल्या मार्काला पौलाने पुन्हा नेलं नाही, त्याचा सोबती बर्णबा याने नेलं. आणि शेवटी पौलानेच तीमथ्याला लिहिलं की त्याला घेऊन ये.

पंच कमिटी आणि तरुण यांच्यात तणाव येतो तो बहुधा माहितीच्या अभावाने. दर तीन महिन्यांनी एका तरुणाने कमिटीपुढे दहा मिनिटांत सांगावं: काय केलं, किती खर्च झाला, पुढे काय. दादांनी बरोबर बसावं, बोलू नये.

जूनच्या आधीचं हस्तांतर

मे महिन्याच्या शेवटच्या पंधरवड्यात प्रत्येकाने आपल्या कामाची वही पूर्ण करायची: पावलं, फोन नंबर, खर्च, काय बिघडलं. आणि फेब्रुवारीपासूनच आपल्याहून लहान एकाला सोबत घेतलेलं असायला हवं. 2 तीमथ्य 2:2 मध्ये पौल, तीमथ्य, विश्वासू माणसं आणि ते ज्यांना शिकवतील ते, अशा चार पिढ्या एका वाक्यात आहेत. वर्षाचं यश तपासताना कार्यक्रम किती झाले हे विचारू नका. सहांपैकी किती जणांच्या मागे कुणीतरी तयार उभं आहे ते मोजा. सहांपैकी तिघांच्या मागे असेल तर वर्ष चांगलं गेलं.

यातले काही जण जूनमध्ये पुण्याला, नाशिकला, मुंबईला कॉलेजला किंवा नोकरीला जाणार. पाळकांचं पत्र त्यांच्या हातात द्या, आणि तिथल्या मंडळीच्या पाळकांना स्वतः फोन करा. नुसतं पत्र बॅगेतच राहतं. पहिल्या चार रविवारी दादा किंवा ताईंनी दुपारी फोन करून विचारावं, कुठे गेला होतास, कुणाशी बोललास. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी आला की उत्साहाने त्याला लगेच पुढे बसवू नका. त्याच्या जागी आता जी मुलगी गाणी घेते, तो रविवार तिचाच असू द्या.